शिराझ वाईनची किंमत व तिची प्रत

द्राक्षबागायतीसंबंधी छाटणी, खते, रोग, बेदाणा अशा विषयांवर ह्या मासिकात वेळोवेळी लेख येतात. परंतु जे द्राक्ष खाण्यास नव्हे व बेदाण्यासही नव्हे, केवळ वाईनसाठीच लावावे लागते, त्याच्या मालाची पुढे काय किंमत होते व ती कशावरून ठरते, ह्याविषयी आपल्या वर्गात फारच थोडी माहिती आढळते. माल बांधावरून उचलला गेला की आपला त्याच्याशी संबंध सुटला, अशी आपली समजूत. आणि ह्या समजुतीनेच पुष्कळांचे नुकसान झाले आहे. सबब आज शिराझ ह्या एकाच जातीपुरता विचार करावयाचे योजिले आहे. प्रश्न साधा आहे. दुकानात शिराझची एक बाटली सहाशे-सातशे रुपयांस मिळते, दुसरी हजाराच्या आसपास, तिसरी दोन-अडीच हजारांस. ह्या तिहींत फरक किती, व तो कशाचा? हजाराची बाटली अडीच हजारांच्या बाटलीची बरोबरी करू शकते काय? आमचे उत्तर 'पुष्कळदा करू शकते' असे आहे. ते कसे, हे सांगतो.

आरंभी दोन खुलासे करणे अवश्य आहे. पहिला शब्दाचा. वैद्यांचे द्राक्षासव ही निराळी वस्तू असून ती औषध म्हणून घेतात. आणि नुसते 'दारू' म्हटल्यास द्राक्षाच्या आंबवलेल्या रसाचा व भट्टीवर गाळलेल्या अर्काचा भेद राहत नाही. म्हणून लोकांच्या तोंडी असलेला 'वाईन' हाच शब्द येथे योजिला आहे. दुसरा खुलासा असा की, वाईन पिण्याची शिफारस करण्याचा ह्या लेखाचा हेतू मुळीच नाही. मद्यार्काचे प्रमाण कितीही अल्प असले तरी ते निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माळ आहे. तरी ज्याच्या शेतात ऊस आहे त्यास साखरेची प्रत व भाव कळलाच पाहिजे, मग तो स्वतः चहात साखर घालो वा न घालो.

आम्ही ह्या विषयातील तज्ज्ञ नव्हे. महसूल खात्यात सबंध उमेद खर्चून कारकून म्हणून निवृत्त झालेले, सास्तूर येथे राहून घरची शेती पाहणारे आम्ही एक गृहस्थ आहोत. ह्या विषयाचा नाद आम्हांस कसा लागला हे पुढे येईलच.

शिराझ हे नाव ऐकून इराणातील त्या नावाच्या शहराची आठवण होते, व ही जात तेथूनच निघाली अशी आख्यायिका दीर्घकाळ चालत आली. ती खरी नाही. १९९८-९९ च्या सुमारास कॅलिफोर्निया व फ्रान्स येथील शास्त्रज्ञांनी वेलींच्या गुणसूत्रांची तपासणी करून असे सिद्ध केले की, दुरेझा व मोंद्यूझ ब्लांश ह्या आग्नेय फ्रान्समधील दोन जुन्या जातींच्या संकरातून ही जात निपजली. फ्रान्सात हिला सिरा म्हणतात व रोन नदीच्या खोऱ्यातील एर्मिताज नावाच्या टेकडीवरची सिरा शतकानुशतके नावाजलेली आहे. १८३२ च्या सुमारास जेम्स बझ्बी नावाच्या गृहस्थाने युरोपातील अनेक जातींची कलमे ऑस्ट्रेलियात नेली, त्यांत ही होती. तेथे हिला शिराझ हे नाव रूढ झाले, आणि आपल्याकडे बाटलीवर बहुधा तेच दिसते.

ऑस्ट्रेलियातील एक हकीकत आमच्या मुद्द्यास फार उपयोगी आहे. पेनफोल्ड्स कंपनीतील मॅक्स शूबर्ट ह्यांनी १९५१ साली शिराझपासून 'ग्रेंज' नावाची वाईन प्रयोगादाखल केली. प्रथम ज्यांस चाखावयास दिली त्यांनी नाके मुरडली, आणि १९५७ साली मालकांनी ती करणे बंद करण्याचा हुकूम दिला. शूबर्ट ह्यांनी हुकूम न मानता तीन वर्षे ती चोरून केली. पुढे मुरलेल्या जुन्या बाटल्या उघडल्या तेव्हा मते पालटली व १९६० साली हुकूम मागे घेण्यात आला. आज ह्याच वाईनच्या एका बाटलीस शेकडो ऑस्ट्रेलियन डॉलर पडतात. बाटलीतील रस तोच. पहिल्या वर्षी त्यास किंमत नव्हती, पुढे किंमतीस सीमा राहिली नाही. अर्थात किंमत ही रसाची मोजणी नव्हे, एवढे यावरून दिसते.

आता घरची गोष्ट. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून वाईनच्या कारखान्यांस अबकारी करात सवलत दिली. नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन उद्यानांची योजना झाली. नाशिकास सुला कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आलेली होतीच. तिच्या पाठोपाठ पुष्कळ कारखाने निघाले व शेतकऱ्यांशी करार करीत गावोगाव माणसे फिरू लागली. सास्तुरापासून माकणीचे धरण दूर नाही. आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांस आम्ही आप्पा म्हणतो, त्यांची जमीन पाण्याखाली आलेली. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपाने घरदार गेल्यावर ज्या हिमतीने त्यांनी संसार पुन्हा उभा केला, त्याच हिमतीने २००६ साली त्यांनी दोन एकर शिराझ लावली. नान्नजच्या काळे ह्यांनी सोनाका ही जात काढून सोलापूर भागात द्राक्षाचे नाव केले, ते आम्हां सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. 'सोनाका'त सोलापूर, नान्नज व काळे ही तिन्ही अक्षरे गुंफलेली आहेत, हे आप्पा प्रत्येक पाहुण्यास सांगत.

पहिल्या पिकाचे पैसे करारानुसार मिळाले. २००८ च्या अखेरीस जगभर व्यापार बसला, त्यातच २६ नोव्हेंबरचा मुंबईचा हल्ला होऊन हॉटेले ओस पडली व वाईनचा खप एकदम खाली आला. २००९ च्या मार्चात आप्पांच्या दोन एकरांत अठरा टन माल लागला, आणि करार केलेल्या कारखान्याने टाक्या भरलेल्या आहेत असे सांगून दोन दिवस ट्रक दारात उभा ठेवला व तिसऱ्या दिवशी परत लाविला. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर बेदाणा करता येतो. शिराझचा मणी बारीक, सालीस जाड, आत बिया. तो टोपलीत विकत नाही व बेदाण्यासही चालत नाही. त्यास दुसरा बाजारच नाही. निम्मा माल उकिरड्यात गेला. २०१० च्या मे महिन्यात आप्पांनी बाग मुळासकट काढली. असे त्या वर्षांत राज्यात अनेकांचे झाले.

ह्या नुकसानीचा राग आम्हांस वर्षानुवर्षे होता व तो सर्वस्वी कारखान्यावर होता. आता थोडा आपल्यावरही आहे. कारण मागाहून चौकशी करता असे कळले की, आप्पांचा माल चांगला नव्हता. बाग खोल काळ्या जमिनीत, पाणी मुबलक, एकरी नऊ टन उतारा. आणि शिराझची चांगली वाईन व्हावयाची तर एकरी चार-पाच टनांवर माल ठेवता कामा नये. वेल पानांनी माजला की घडास ऊन-वारा लागत नाही, रंग उतरतो, रस पातळ होतो. हलक्या मुरमाड जमिनीत, ठिबकने मोजके पाणी देऊन, घड विरळ करून जो माल येतो त्याची प्रत निराळीच. जमाबंदीच्या वेळी जमिनीची प्रत आण्यांत ठरवीत, त्यात काळ्या खोल जमिनीस सोळा आणे व मुरमाडास चार-पाच आणे मिळत. वाईनच्या द्राक्षासाठी हाच तक्ता बहुतेक उलटा वाचावा लागतो!

आपल्या हवामानाचाही एक विशेष ध्यानात धरला पाहिजे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो व पीक पिकते ते थंडी वाढत असताना. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करून फेब्रुवारी-मार्चात माल काढतात, म्हणजे मणी पिकतो तो ऊन चढत असताना. त्यामुळे गोडी भरभर वाढते, आंबटपणा भरभर उतरतो, पण सालीतील रंग व तुरटपणा मागे राहतो. गोडी २३-२४ ब्रिक्सवर आली की काढणी करावी लागते. थोडा उशीर झाला की वाईन जड होऊन तिला शिजलेल्या मुरंब्याचा वास येतो; घाई केली तर हिरवी, कच्ची लागते. पहाटेच्या गारव्यात तोडलेला माल त्याच सकाळी कारखान्यात पोचणे हे म्हणूनच अर्धे काम होय. शिराझची प्रत अशी प्रथम शेतात ठरते. रस सालीसकट आठ-दहा दिवस आंबविणे, साली वरचेवर रसात दाबणे, पुढे ओक लाकडाच्या पिपात मुरविणे ही कारखान्याची कामे मागाहूनची.

आता हिशेबाकडे वळू. कारकुनाची सवय सुटत नाही, तरी वाचकांनी कंटाळू नये. लेखाचे सार ह्या आकड्यांतच आहे.

एक टन काळ्या द्राक्षापासून सुमारे ६५० लिटर वाईन निघते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीस म्हणजे साधारण १ किलो १५० ग्रॅम द्राक्ष लागते. द्राक्षास किलोला ४० रुपये भाव धरला तर बाटलीत द्राक्ष ४६ रुपयांचे. हजाराच्या बाटलीत शेतकऱ्याचा वाटा शेकडा पाचाहूनही कमी! आता समजा, एकरी आठ टन काढणाऱ्या शेतकऱ्याने घड विरळ करून पाचच टन काढावे असे कारखान्यास वाटते. आठ टनांचे ४० रुपयांनी ३ लाख २० हजार होतात. तेवढेच पैसे पाच टनांत मिळावयाचे तर भाव ६४ रुपये दिला पाहिजे. त्या भावाने बाटलीतील द्राक्ष सुमारे ७४ रुपयांचे झाले. म्हणजे सामान्य द्राक्ष व उत्तम द्राक्ष ह्यांतील फरक बाटलीमागे अवघा २८ रुपये पडला. हा आकडा आम्हांस प्रथम खरा वाटेना; पुनःपुन्हा मांडून पाहिला.

पिपाचा खर्च ह्याहून मोठा आहे. नेहमीचे ओकचे पीप २२५ लिटरचे असते, त्यात तीनशे बाटल्यांचा माल राहतो. फ्रान्सहून आणलेले नवे पीप ७५ हजारांस पडते असे धरले तर पहिल्या भरणीत बाटलीमागे २५० रुपये चढतात. तेच पीप तीन भरण्यांस वापरले तर सरासरी ८३. तिसऱ्या-चौथ्या भरणीनंतर लाकडाचा वास रसात फारसा उतरत नाही. पिपात वर्षभर माल अडकतो त्याचे व्याज निराळे. काही ठिकाणी पोलादी टाकीतच ओकच्या ढलप्या वा फळ्या सोडतात. तो खर्च अगदी थोडा, व त्यापासून येणारा वासही थोडा ढोबळ. परंतु ओक म्हणजेच उत्तम, असे मात्र मानू नये. वाजवीपेक्षा अधिक ओक दिला की शिराझचा स्वतःचा गुण लोपून नुसते लाकूड व व्हॅनिला लागते. भाजीत गरम मसाला जास्त पडला म्हणजे वांगे कोणते व बटाटा कोणता हे कळत नाही, तद्वत.

परदेशी बाटलीचा हिशेब तिसरा. परदेशी वाईनवर आपल्या देशात दीर्घकाळ शेकडा १५० जकात आहे. जी बाटली बंदरावर ५०० रुपयांची, ती जकात भरताच १,२५० ची होते. पुढे राज्याचे कर, आयात करणारा, घाऊक व्यापारी व दुकानदार ह्यांचे हात लागून दोन-अडीच हजारांस येते. उलट आपल्याकडील जी बाटली कारखान्याच्या दारात ५०० रुपयांची, ती हजाराच्या आसपास दुकानात मिळू शकते. दोन्हींत रसाची किंमत मात्र सारखीच! सबब हजाराच्या देशी शिराझची तुलना हजाराच्या परदेशी शिराझशी करणे हा अन्याय असून तिची खरी जोड दोन-अडीच हजारांच्या बाटलीशी आहे. हजाराच्या परदेशी बाटलीत रस किती रुपयांचा असेल, हे वाचकांनी वरील हिशेबावरून स्वतःच काढावे.

आता हिशेब झाला तरी जिभेची साक्ष हवीच. ह्याबाबत परदेशात शास्त्रोक्त प्रयोग झाले आहेत. २००८ साली अमेरिकेत सहा हजारांहून अधिक झाकलेल्या पेल्यांच्या निकालांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सामान्य माणसास महाग वाईन अधिक आवडते असे आढळले नाही. उलट किंचित कमीच आवडते असे दिसले. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात एकच वाईन एकदा कमी व एकदा जास्त किंमत सांगून दिली, तेव्हा जास्त किंमतीची म्हणून दिलेली लोकांस अधिक चांगली लागली, आणि मेंदूची तपासणी केली असता तो आनंद लटका नव्हता असेही दिसून आले. म्हणजे किंमत कळली की जीभ निष्पक्ष राहत नाही.

आमच्या खात्यात ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पीककापणीच्या प्रयोगात कोणाचे शेत घ्यावयाचे हे पाटलाच्या वा तलाठ्याच्या मर्जीवर ठेवीत नाहीत, चिठ्ठीने ठरवितात. कारण शेत डोळ्यांनी निवडले की गावाची पैसेवारी चुकते. हाच नियम लावून आमच्या पुतण्याच्या पुण्यातील घरी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एक लहानसा प्रयोग केला. पुतण्याने चार शिराझ आणल्या : एक साडेसहाशेची देशी, एक हजाराच्या घरातील देशी, एक सतराशेची देशी व एक चोवीसशेची ऑस्ट्रेलियन. नावे आम्ही मुद्दाम देत नाही. पाच माणसांच्या जिभेवर कोणाचे दुकान चालावे वा बसावे हे बरे नव्हे. बाटल्यांस धोतराच्या फडक्याचे वेष्टन करून आकडे टाकले, आणि हजाराची वाईन दोन निरनिराळ्या आकड्यांखाली दोनदा ठेविली. ज्याने एकाच वाईनला दोन ठिकाणी फारच भिन्न पैसे दिले, त्याची साक्ष बाद करावयाची असे आधीच ठरले होते. गुण शंभर पैशांत द्यावयाचे.

आप्पांस माळ असल्याने ते चाखणार नव्हते. कागद-पेन्सिल घेऊन नोंद करावयास बसले. पण पेले समोर आले तेव्हा ते म्हणाले, "चाखत नाही, पण हुंगावयास काय हरकत?" आणि दोन नंबरचा पेला नाकाशी धरून एकदम म्हणाले, "ह्यात मिरी आहे रे!" आम्ही हुंगले, आम्हांस काही कळेना. पुतण्या म्हणाला, "काका, आप्पांचे बरोबर आहे. स्पष्ट मिरी आहे." आमची चेष्टा झाली. नंतर वाचनात आले की, शिराझमधील मिरीच्या वासाचे कारण रोटंडोन नावाचे द्रव्य असून ते काळ्या मिरीतही तेच असते. २००८ साली ऑस्ट्रेलियातील वाईन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ते शोधून काढले, आणि दर पाच माणसांत सुमारे एकास त्याचा वास मुळीच येत नाही असेही त्यांना आढळले. तो पाचवा इसम आम्ही. सबब शिराझविषयी कोणाचेही मत ऐकताना, अगदी आमचेही, त्या माणसाचे नाक कसे आहे हे प्रथम विचारावे! थंड जागी व सावलीत पिकलेल्या घडांत हे द्रव्य अधिक, कडक उन्हात कमी असते. वीस वर्षांपूर्वी शिराझ पिकविणाऱ्या आप्पांनी आपल्या मालाचा पुढला वास त्या दिवशी प्रथम घेतला. बराच वेळ तो पेला त्यांनी हातचा सोडला नाही.

निकाल असा लागला. पाचांपैकी एकाची साक्ष वरील नियमाने बाद झाली. उरलेल्या चौघांच्या सरासरीत ऑस्ट्रेलियन बाटलीस ६८ पैसे व हजाराच्या देशीस दोन वेळचे मिळून ६६ पैसे पडले. सतराशेच्या देशीस ५९. तिच्यात ओक फार आहे, असे तिघांनी स्वतंत्रपणे लिहिले होते. साडेसहाशेची ४३ वर राहिली, तिला शिजका वास होता. म्हणजे साडेसहाशेवरून हजारावर जाण्यात २३ पैशांचा लाभ झाला आणि त्यापुढे चौदाशे रुपये अधिक खर्चूनही दोनच पैसे. चौघांच्या साक्षीवरून सिद्धान्त काढणे धाडसाचे होईल. पण द्राक्षाच्या व पिपाच्या हिशेबाशी हा निकाल जुळतो खरा. अगदी स्वस्त बाटलीत उत्तम द्राक्ष व पीप ह्या दोन्हींस जागा नसते. मधल्या बाटलीत दोन्ही बसतात. आणि त्यापुढे पैसा नाव, जकात, जड बाटली व थांबण्याचे व्याज ह्यांत जातो.

तर मग मधल्या किंमतीची चांगली बाटली ओळखावी कशी? आपल्या राज्यात निवड आता पुष्कळ आहे. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ ओकच्या पिपात मुरविलेली असते व ती ह्या मधल्या वर्गाची सर्वांस ठाऊक असलेली खूण आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे फ्रातेल्ली, निफाडजवळ रेव्हिलो, नाशिकास गंगापूरच्या बाजूस यॉर्क ह्यांच्याही शिराझ अथवा सिरा मिळतात. कोणती कोणाच्या जिभेस रुचेल हे फडके गुंडाळून ज्याने त्याने ठरवावे. बाटलीवर पिकाचे वर्ष छापलेले आहे की नाही हे प्रथम पाहावे. ज्या कारखान्यास आपल्या द्राक्षाचा अभिमान आहे तो वर्ष व बहुधा गावही छापतो. पीक आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चातील असल्याने वर्षाबद्दल घोटाळा होत नाही. बहुतेक देशी शिराझ पिकापासून दोन ते चार वर्षांतच उत्तम असते. जुनी म्हणजे चांगली, हा समज ग्रेंजसारख्या थोड्या वाईनांस लागू, सर्वांस नव्हे. दुसरे, बाटली दुकानात कोठे ठेविली होती ते पाहावे. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात, काचेच्या कपाटात उभी राहिलेली बाटली अडीच हजारांची असली तरी दोन महिन्यांत तिचा मुरंबा होतो. बूच वर सरकलेले वा कडेने पाझर दिसत असल्यास ती बाटली घेऊच नये. पेचाचे झाकण असल्यास हलक्या प्रतीची समजण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात चांगल्या चांगल्या वाईनांस ते असते. तांबडी वाईन घरातल्या हवेइतक्या उष्णतेवर प्यावी असे पुस्तकांत म्हणतात, ते घर युरोपातले. आपल्याकडे ती अर्धा-पाऊण तास शीतपेटीत ठेवून १६ ते १८ अंशांवर आणावी लागते, नाहीतर चांगलीही वाईन नुसती जळजळीत लागते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ह्या सर्वाचा अर्थ काय, तेवढे सांगावयाचे राहिले. ऑस्ट्रेलियाशी आपल्या देशाचा जो व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आला, त्याप्रमाणे निदान ५ डॉलर किंमतीच्या बाटलीवरील जकात १५० वरून शेकडा १०० वर आली असून दहा वर्षांत ५० पर्यंत उतरावयाची आहे. १५ डॉलर व त्यावरील बाटलीवर ती ७५ झाली व २५ पर्यंत उतरावयाची आहे. वरील उदाहरणातील ५०० रुपयांची परदेशी बाटली जकातीसह १,२५० ऐवजी पुढे ७५० चीच होईल. तेव्हा आज हजाराच्या देशी शिराझला जी जकातीची भिंत आहे, ती दर वर्षी एकेक थर उतरत आहे. पलीकडल्या शेतकऱ्यांचेही फार बरे चालले आहे असे नाही. चीनने २०२१ साली लावलेल्या जबर जकातीमुळे ऑस्ट्रेलियात माल तुंबला, काळ्या द्राक्षाचे भाव लागवडीच्या खर्चाखाली गेले, आणि २०२४ च्या मार्चात ती जकात उठली तरी रिव्हरलँडसारख्या भरघोस उताऱ्याच्या भागातील बागा निघतच होत्या. आप्पांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तिकडेही नऊ टनवालेच मेले."

भिंत उतरल्यावर ज्या कारखान्याचा रस खरोखर बरोबरीचा असेल तोच टिकेल, आणि बरोबरीचा रस बाटलीमागे २८ रुपयांच्या द्राक्षानेच होतो, हे आपण पाहिले. हे २८ रुपये मागण्यास शेतकऱ्यापाशी आधार पाहिजे. तो करारात घालून घ्यावा लागतो. आप्पांच्या जुन्या करारात भाव वजनावर होता, प्रतीचा उल्लेखच नव्हता. साहजिकच त्यांनी वजन वाढविले. माल न उचलल्यास भरपाई काय, हेही त्यात नव्हते. आता करावयाचा असल्यास आमच्या मते त्यात एकरी उताऱ्याची कमाल मर्यादा, तीस अनुसरून किलोचा भाव, ब्रिक्स व आंबटपणाची मोजणी बांधावरच दोघांच्या समक्ष होऊन पंचनाम्याप्रमाणे दोघांच्या सह्या, तोडणीची तारीख कारखान्याने किती दिवस आधी कळवावयाची, आणि टाकी भरली म्हणून माल नाकारल्यास ठरल्या भावाचा किती हिस्सा देणे, ह्या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. रकमेचा काही भाग गोडी छाटणीच्या वेळीच हाती आला पाहिजे. शिराझला दुसरा बाजार नाही. म्हणून जोखमीचा निम्मा भार तरी घेणाऱ्याने उचलला पाहिजे.

पुतण्याच्या मनात अर्धा एकर मुरमाड तुकड्यात पुन्हा शिराझ लावून पाहावी असे आहे. आप्पांनी नाही म्हटले नाही. वरील अटींचा मसुदा आम्ही स्वच्छ अक्षरात लिहून दोन कारखान्यांकडे डिसेंबरात पाठविला आहे. एकाने उताऱ्याची मर्यादा मान्य केली असून नाकारलेल्या मालाच्या भरपाईचे कलम वगळावे असे कळविले आहे. दुसऱ्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. तोपर्यंत त्या तुकड्यात हरभरा आहे.